पिवळ्या टोपीचा पैरा

साल २०२४. मला पंच्याहत्तरावं लागलेलं. त्या साली मी जन्मातलं सगळ्यात देखणं पीक काढलं, आणि ते रान कुठल्याही सात-बाऱ्यावर सापडायचं नाही. तलाठ्याला विचारलं तर तो हसेल. हसू दे.

रान फोनमधलं होतं. तसा माझा खराखुरा साडेतीन एकर ऊस आहे, इस्लामपूरच्या अलीकडं, नदीकाठची काळी जमीन. ती कसून उरलेल्या वेळात मी हे दुसरं रान कसत होतो. तिथला ऊस तीन दिवसांत तोडायला यायचा. कारखान्याच्या तोडीची वाट बघायची नाही, टोळीवाल्याची मनधरणी नाही. मनात आलं की तोडलं. असलं सुख खऱ्या उसात आजवर कुणाला मिळालं असेल तर त्यानं मला येऊन भेटावं.

हे रान मला माझ्या नातीनं दिलं. थोरली लेक मी विट्याकडं दिली. जावयाचं कोइमतूरला गलाईचं दुकान, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं. नात तिकडं वाढली, आणि आता पुण्याच्या विद्यापीठात मोठ्या पदवीचा अभ्यास करते. कशाचा अभ्यास, तर फोनमधल्या खोट्या गावांचा. जगभरची माणसं तिथं येऊन घरं बांधतात, शेतं करतात, भांडतात, लग्नंसुद्धा लावतात. ती असं का वागतात, ते ही पोरगी टिपून घेते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो, "ह्याला पदवी देत्यात? मग आमच्या पारावरच्या निम्म्या लोकांस्नी देऊन टाका की. ती पण खोट्याच गावात राहत्यात."

ती म्हणाली, "आबा, त्यांचाही अभ्यास करीन. आधी हे होऊ दे."

लिहायला निवांत जागा पाहिजे म्हणून ती आमच्याकडं राहायला आली आणि सोप्यात टेबल मांडून बसली. बसून बसून कंटाळली की माझ्याबरोबर रानात यायची आणि खुरपं मागायची. मी कधी दिलं नाही. लेकीची लेक म्हणजे पाहुणी. पाहुणीच्या हातात खुरपं दिलं तर गाव काय म्हणेल? ती म्हणायची, "आबा, मी घरचीच आहे की." मी म्हणायचो, "घरची असलीस तरी घर विट्याचं. बस बांधावर, शेंगा खा." माझा एक शब्द पडला की पडला. ह्या घरात तो बदललेला कुणी पाहिलेला नाही.

तर बांधावर शेंगा खाताना तिनं मला तो खेळ लावून दिला. आत गेलं की पहिल्यांदा आपला एक माणूस करायचा असतो. मी मिशा घेतल्या, चांगल्या पल्लेदार. फेटा मात्र मिळेना. टोप्या सतराशे साठ, फेटा एक नाही. शेवटी मधमाश्यांचं पोळं असलेली एक टोपी सापडली, पिवळसर केशरी, वळ्यावळ्यांची. लांबून कोल्हापुरी फेटाच. मी ती घातली. आता डोक्याभोवती चोवीस तास चार माश्या फिरायच्या, पण थाटाला तेवढं चालायचंच.

त्या खेळाचा एकच नियम पुढच्या गोष्टीला लागतो, तो सांगतो. माणसाला दिवसाला तीस दम मिळायचे. एक चौकोन भिजवला, एक दम गेला. एक पीक काढलं, एक दम गेला. तीस संपले की माणूस मटकन खाली बसायचा. थोड्या वेळानं उठून चालता-नाचता यायचं, पण काम आणि उड्या दुसऱ्या दिवशीपर्यंत बंद. आपले दम आपल्या रानावर घालायचे का शेजाऱ्याच्या, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

माझ्या शेजारच्या रानात एक पिवळी टोपी होती. टोपीखाली माणूस होता, पण बाई की गडी, कुठल्या मुलखाचा, काही ठाऊक नाही. नाव असं होतं की ते अक्षर नातीलाही वाचता आलं नाही. बोलणं म्हणजे हात हलवायचा, मान डोलवायची, फारच खुशीत असलं तर नाचायचं. सकाळी मी हात हलवायचो, पलीकडून हात हलायचा. आमच्या खऱ्या शेजाऱ्यांपैकी काहीजण एवढंही करत नाहीत.

मग माझ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. सांगलीला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी अकरा दिवस फोन बघायचा नाही म्हणून बजावलं. मी मनाशी म्हटलं, गेला ऊस. पाणी चुकलं की तिथलं पीक दोन दिवसांत वाळायचं. बाराव्या दिवशी फोन उघडला. ऊस हिरवागार! सगळे चौकोन भिजलेले. तोडायला आला होता तेवढा तोडून, मोळ्या बांधून, माझ्या खोपीत नीट रचलेल्या. आणि शेजारी बघतो तर पिवळ्या टोपीचं रान पार करपून गेलेलं. तीसच्या तीस दम अकरा दिवस माझ्या उसावर घातले होते, स्वतःला एकही ठेवला नव्हता.

डॉक्टरांनी रडायचंही नाही असं सांगितलेलं. म्हणून मी घरभर नाचलो.

"आवं, डोळा सांभाळा!" आमची मंडळी, म्हणजे पोरीची आज्जी, ओरडली.

"डोळा गेला तरी चालंल, पन आपल्यावर पैरा झालाय!"

शहरातल्या वाचकासाठी सांगतो. आज तू माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुझ्या. त्याला पैरा म्हणतात. कागद नाही, साक्षीदार नाही, राबायला आलेल्याला जेवण तेवढं घालायचं. ज्याचा पैरा आपल्यावर आहे त्यानं हाक मारली की आपलं काम टाकून जायचं. त्याआधी उगीच जाऊन उपयोग नाही, कारण त्याला गरज नसताना राबलेलं पैऱ्यात धरत नाहीत. माझ्या बापानं कुणाचा पैरा ठेवला नाही. मीही ठेवला नाही. गावात माझ्याविषयी लोक वाट्टेल ते बोलतील, पण हे कुणी बोलणार नाही.

तेव्हा मी हाकेची वाट बघत राहिलो. खेळात प्रत्येकाच्या फाटकावर एक घंटा असते. ती वाजवली की शेजाऱ्यांच्या फोनवर ऐकू येते. पिवळी टोपी काही घंटा वाजवेना.

ह्याच सुमाराला नातीनं माझ्यापुढं एक कागद ठेवला. संमतीपत्र. मला ती प्रश्न विचारणार, मी उत्तरं द्यायची, ती तिच्या ग्रंथात घालणार. मी खूश झालो. तिसरी शिकलेला माणूस ग्रंथात जातोय! पेन उघडलं, आणि तेवढ्यात तिनं वाचून दाखवलं, की माझं नाव मात्र कुठंही येणार नाही.

"का? मी काय चोरी केलीया?"

"तसं नाही आबा. सगळ्यांचीच नावं गाळतात. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"मला त्रास देणारा अजून जन्माला यायचाय. नाव घालणार न्हाईस तर सही न्हाई."

"नियम आहे, आबा."

"मग माझा बी नियम हाय."

कागद मी लाइट बिलाच्या तारेला अडकवला. सात महिने तो तिथंच लटकत होता. ती रोज येता-जाता त्याच्याकडं बघायची आणि मी रोज तिच्याकडं न बघता चहा प्यायचो.

मग एक दिवस तिनं बातमी आणली, की हा खेळच बंद होणार आहे. महिन्याभरानं कंपनी सगळी गावं पुसून टाकणार. तिच्या अभ्यासाला ते एका अर्थी बरंच पडलं. जग बुडणार हे ठाऊक असताना माणसं त्यात शेवटपर्यंत काय करतात, हेच तिला टिपायचं होतं. मी काही विश्वास ठेवला नाही.

"जागा कुणाची?" मी विचारलं.

"कंपनीची."

"आन् कसतंय कोण?"

"तुम्ही."

"मग कूळकायदा लागतो. घालवू दे बघू कुळाला!"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मात्र खरंच बोललो होतो.

शेवटचा दिवस उजाडला. रविवार होता. फोनच्या कोपऱ्यात आकडे उलटे पळायला लागले तेव्हा माझी खात्री पटली. संध्याकाळी साडेपाचला सगळं बंद. बाकीचे शेजारी नोटीस बघून आधीच पांगले होते, रानंच्या रानं ओस पडलेली. जग बुडायचं त्याचं काही नाही, पण पैरा अंगावर ठेवून बुडायचं?

साडेतीन वाजता घंटा वाजली.

मी स्लॅबवर होतो, घरात तिथंच चांगली रेंज येते. फोन बघितला तर पिवळ्या टोपीचं फाटक सताड उघडं. करपलेल्या रानात तिनं पुन्हा पेरलं होतं. बांधापासून बांधापर्यंत नुसते भोपळे, केशरी, टपोरे, दीडशे. त्यातले तीस काढून ती बांधावर मटकन बसलेली. दम संपले होते.

राहिले एकशे वीस. माझे तीस. बाकीच्या नव्वदाला तीन माणसं पाहिजेत. एवढ्या हिशोबाला तिसरीसुद्धा लागत नाही.

मी स्लॅबवरनंच बोंब ठोकली. आधी मंडळी वर आली, मग शेजारचा माझा लंगोटीयार आला. ह्यानं वीस वर्षं मिलिटरीत काढलीत. त्याला वाटलं मी पडलो.

"पैऱ्याला जायचंय," मी म्हणालो. "फोन काढ."

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मिशीत हसला. "आरं गड्या, दोन तासांत ते बुडणारच हाय की. भोपळं काढून काय उपेग?"

"पाऊस यायला लागला म्हणून खळ्यावरचं तसंच टाकून घरला जातोस व्हय रं?"

"न्हाई."

"मग काढ फोन."

नातीनं वर येऊन दोघांच्या फोनवर खेळ उतरवून दिला. मंडळीला तिनं आपला जुना फोन दिला. तेवढं तिनं केलं. पण स्वतः लॅपटॉप घेऊन टाकीच्या सावलीत जाऊन बसली. खेळात तिचाही एक माणूस होता, करड्या कपड्यातला, हातात वही. तीन वर्षं तो निरनिराळ्या बांधांवर नुसता उभा होता. त्यानं एक काडीही इकडची तिकडं केली नव्हती. तिनं स्वतःच नेम केलेला. बघायचं, टिपायचं, हात लावायचा नाही.

खेळ उतरायला अर्धा तास गेला. पुढं आणखी एक घोळ. नव्या माणसाला आधी धडा द्यावा लागतो.

"आवं, हे मला चालायला शिकवतंय!" मंडळी फोनवर तापली. "उजवीकडं चाला म्हनं! चार लेकरं चालती केली मी, आन् हे मेलं मला चालायला शिकवतंय!"

चालली कशीबशी. मग तिनं आपला माणूस नीट बघितला आणि फोन माझ्या मांडीवर टाकला.

"मी न्हाई येनार."

"का गं?"

"ह्या वयात अर्धी चड्डी घालून परक्याच्या रानात जाऊ?"

नव्या माणसाला खेळात अर्धी चड्डीच मिळते. लुगडं तर नाहीच. नात सावलीतनं म्हणाली, "आज्जी, एक अस्वलाचा पोशाख फुकट आहे. डोक्यापासून पायापर्यंत झाकतो."

मंडळीनं माझ्या मांडीवरचा फोन परत उचलला. "अस्वल परवडलं."

माझा दोस्त तोवर आत शिरला होता, पण त्याचं बोट उडी मारायच्या बटणावरून हलेना. तो गेला तिथं उड्या मारत गेला. फाटकातनं उड्या, बांधावरनं उड्या. "पोझिशन ले लिया!" तो ओरडला, आणि भोपळा काढायच्या ऐवजी भोपळ्यावर चढून उड्या मारायला लागला.

पिवळी टोपी उठून उभी राहिली. बिचारीनं बघितलं असेल, डोक्यावर पोळं घेतलेला मिशाळ म्हातारा, मागं एक अस्वल, त्याच्या मागं उड्या मारणारा गडी. तिनं एकदा हात हलवला. मग बांधावर एक टेबल मांडलं आणि त्यावर ताटल्या ठेवायला लागली. एक, दोन, तीन, चार.

"जेवन मांडतीया!" माझा आवाज चिरकला. "पैऱ्याचं जेवन! हिला कुनी सांगितलं?"

"चौथी ताटली कुनाला?" मंडळीनं विचारलं.

चौथी वहीवाल्या करड्या माणसाची होती. तो बांधावर उभाच होता ना.

आम्ही तुटून पडलो. मी पात, म्हणजे काढणीची आपली ओळ, धरून निघालो, डावीकडं मंडळी, उजवीकडं दोस्त. भोपळा निघताना बद्कन असा आवाज व्हायचा. तीन फोन, बद्‌ बद्‌ बद्‌. मंडळीला हात बसला आणि ती माझ्या पुढं गेली. "खऱ्या रानात बी असंच मागं पडत होता," तिनं मला ऐकवलं. दोस्त प्रत्येक भोपळ्याला मोठ्यानं आकडा म्हणायचा, मध्येच चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. हसून हसून माझ्या ऑपरेशनच्या डोळ्यातनं पाणी यायला लागलं. खालच्या गल्लीतनं कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?" दोस्त वरनंच ओरडला, "सुगी!"

पाच वाजून अठरा मिनिटांनी अस्वल मटकन बसलं. मग दोस्त, अर्ध्या उडीत. मग मी.

तीस भोपळे राहिले. बारा मिनिटं.

मी टाकीच्या सावलीकडं बघितलं. नात माझ्याकडंच बघत होती, बोटं लॅपटॉपवर थांबलेली.

"ये," मी म्हणालो.

"आबा, मी हात लावला तर माझं तीन वर्षांचं टिपण बिघडेल. मी कुणाच्याच रानात कधी उतरले नाही."

"आन् तू न्हाई उतरलीस तर माझ्यावर पैरा ऱ्हातो. उद्यापासनं फेडायला रानच न्हाई."

"ते कळतंय मला."

"पैरा घराचा असतो बाळा, एका माणसाचा नसतो. घरातल्या कुनीबी फेडला तरी फिटतो."

ती उठली. कमरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभी राहिली. हुबेहूब तिची आज्जी.

"घरातल्या कुणीही? पण मी तर पाहुणी ना आबा? लेकीची लेक. मला खुरपं चालत नाही. माझं घर विट्याचं."

दोस्तानं शिट्टी घातली. मंडळी पदरात तोंड घालून हसायला लागली. "आता बोला," म्हणाली. "लय शब्द पाळता न्हवं."

मी अडकलो. पाहुणी नाही म्हणावं तर इतके दिवस पाळलेला शब्द मोडतो, आणि पाहुणी म्हणावं तर तिला राबवायचं कसं? कोपऱ्यातले आकडे पळत होते. दहा मिनिटं. जन्मात मी एवढ्या घाईनं विचार केलेला नाही.

"पाव्हणीच हायस," मी म्हणालो. "म्हनून तुझ्याशी नवा पैरा धरतो. आज तू माझ्यासाठी उतर. उद्या मी तुझ्या रानात."

"माझ्या रानात काय असतं माहितीये? प्रश्न. शंभरएक प्रश्न. आणि सुरवातीला एक सही."

"नाव घालनार?"

"नाही."

नऊ मिनिटं. पिवळी टोपी तीस भोपळ्यांमध्ये उभी होती आणि आमच्याकडं बघत होती. तिला काय कळणार, इथं स्लॅबवर काय चाललंय ते.

"ऱ्हायलं नाव," मी म्हणालो. "उतर!"

करड्या माणसानं वही खाली ठेवली. ती ठेवता येते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आणि मग पोरीनं जी पात धरली, काय सांगू! बद्‌ बद्‌ बद्‌ बद्‌. मी तिला उगीच इतके दिवस शेंगा खायला बसवलं होतं. आम्ही तिघं तिच्या मागं उभे राहून आकडे म्हणत होतो, ह्या वेळी दोस्तही चुकला नाही. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस!

पाच वाजून सव्वीस. रान मोकळं. बांधालगत दीडशे भोपळ्यांची रास.

पिवळी टोपी नाचायला लागली. मग मी नाचलो, माश्यांसकट. अस्वल बसल्या बसल्या हात वर करून डोललं. दोस्ताला दम नसताना पुन्हा उडी कशी मारता आली, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आणि करडा माणूस, तीन वर्षं बांधावर उभा राहिलेला, गोल गोल फिरत होता. इकडं स्लॅबवर आम्ही चौघंही तेच करत होतो. माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात मंडळीचा हात. लग्नातही मी तिचा एवढा वेळ धरला नव्हता.

साडेपाचला फोन पांढराफेक झाला.

मग मंडळी म्हणाली, "माझं अस्वल कुठं गेलं हो?" आणि पुन्हा सगळे हसत सुटलो. नात तर खाली बसून हसत होती, डोळे पुसत होती, आणि म्हणत होती, "आता माझ्या गाईड मॅडमना काय सांगू मी?"

"जे केलंस ते ल्ही," मी म्हणालो. "खोटं काय केलंयस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून झाल्यावर मी पैऱ्याला जाताना घालायचा जुना सदरा घातला. डोक्याला टापशी बांधली. इळा लागणार नव्हता, त्याच्या जागी चष्मा घेतला. तारेवरनं संमतीपत्र काढलं. सोप्यात नात टेबलाशी बसली होती, शेजारी आवाज टिपायचं यंत्र. दारातच उभा राहून मी विचारलं, "मालकीणबाई, पात कुठनं धरायची?"

तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. मी बसलो, आणि ग्रंथात न येणारं माझं नाव बापाच्या नावासकट, मोठ्या अक्षरात, कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहिलं.